साठ पिंजरे आणि साडेचार हजार कुत्री

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन लाख वस्तीच्या नगरपरिषदेत पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून तुमची पहिलीच नेमणूक झाली आहे. साठ पिंजऱ्यांचं श्वान निवारा व निर्बीजीकरण केंद्र मंजूर झालंय. शहरात अंदाजे साडेचार हजार भटकी कुत्री आहेत आणि प्रत्येक प्रभागातून एकच मागणी येते: कुत्री उचला आणि आत ठेवा. केंद्र चालवायचं कसं आणि लोकांसाठी काय कार्यक्रम घ्यायचे, हे तुम्हाला हवं आहे. मी बावीस वर्षं एका मध्यम महानगरपालिकेत हेच काम केलं, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगतो.

आधी पिंजऱ्यांचा हिशेब मांडा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. साठातले सहा पिंजरे रेबीजच्या संशयितांसाठी आणि विलगीकरणासाठी कायम रिकामे ठेवावे लागतील. चौदा अपघातातली, जखमेत किडे पडलेली, खरजेची कुत्री व्यापतील. उरले चाळीस. एक कुत्रं संध्याकाळी येतं, रात्रभर उपाशी राहतं, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होते, मग चार दिवस टाक्यांवर लक्ष ठेवायचं, सोडल्यावर पिंजरा धुऊन वाळवायचा. म्हणजे एका कुत्र्यामागे पिंजऱ्याचे सहा दिवस गेले. चाळीस भागिले सहा, दिवसाला सहा ते सात शस्त्रक्रिया. वर्षात कामाचे तीनशे दिवस धरले तर दोन हजार. आता समजा, कुणाच्या आग्रहाखातर पंधरा कुत्री कायमची आत ठेवलीत. उरलेल्या पंचवीस पिंजऱ्यांत दिवसाला चारच शस्त्रक्रिया बसतात, वर्षाला बाराशे. पंधरा कुत्री रस्त्यावरून कमी झाली आणि आठशे शस्त्रक्रिया बुडाल्या. त्या आठशेंमध्ये निम्म्या माद्या असत्या, आणि प्रत्येक मादी एका वेतात चार-सहा पिल्लं देते. हा हिशेब मी सभागृहात फळ्यावर लिहून दाखवायचो. "सगळी आत टाका" म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्याच्या नातवाला कुत्रं चावलेलं असतं. त्याला आकडे दाखवले की तो ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

म्हणून माझं पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणणं: केंद्र किती कुत्री सांभाळतं यावर त्याचं मोल ठरवू नका. कुत्री तिथून किती दिवसांत धडधाकट बाहेर पडतात आणि नेमकी आपल्याच गल्लीत परत जातात का, हे पाहा.

कायदाही तेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आधी २००१ चे श्वान नियम होते, त्यांच्या जागी मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. काम स्थानिक संस्थेचं, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असल्याशिवाय सुरू करायचं नाही, स्थानिक देखरेख समिती हवी, आणि कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितलं होतं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं: निर्बीजीकरण, लस आणि जंताचं औषध देऊन त्याच जागी सोडा, फक्त रेबीजची लागण वा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका. मग ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस व रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि तिथे परत न सोडण्याचा आदेश झाला. तुमच्या विधी विभागाकडून ताज्या आदेशाची प्रत घेऊन टेबलावर ठेवा. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुम्हाला दोन वेगळ्या वास्तू लागतील: एक शस्त्रक्रियेची, जिथे कुत्री फिरती राहतात, आणि एक मुक्कामाची, मोकळ्या आवाराची. दुसरीसाठी वेगळी जागा, वेगळा माणूस, वेगळा निधी मागा. साठ पिंजऱ्यांतच ती बसवली तर वरचा हिशेब कोलमडतो. आणि मुक्कामाच्या जागी कुत्री एकेकटी पिंजऱ्यात ठेवू नका. आठ-दहाचे कळप, सावली, माती, दिवसातून एकदा माणसाचा सहवास एवढं हवंच. वर्षभर सिमेंटवर बांधून ठेवलेलं कुत्रं स्वतःभोवती गरगर फिरायला लागतं. मी ते पाहिलंय आणि ते बघवत नाही.

जागा कचरा डेपोजवळ दाखवलीय असं तुम्ही लिहिलंय. नाकारता आली तर नाकारा. डेपोवर माश्या, कावळे, घुशी आणि कुठल्याच प्रभागात न मोजलेली कुत्री असतात. टाके घातलेल्या जखमेला माशी बसली की दोन दिवसांत किडे. नाकारता येत नसेल तर शस्त्रक्रियेची खोली आणि टाक्यांचे पिंजरे तरी बारीक जाळीने पूर्ण बंद करून घ्या.

बांधकामात ठेकेदाराशी एकाच गोष्टीवर भांडायचं असेल तर ते गटारावर भांडा. एका पिंजऱ्याचं पाणी दुसऱ्या पिंजऱ्यातून वाहता कामा नये. हे माझ्याकडून पहिल्या वर्षी दुर्लक्षित राहिलं. लोकांनी आणून दिलेली चौदा पिल्लं आम्ही ओळीने ठेवली होती, आणि गटार सगळ्यांच्या पुढून जात होतं. एकाला पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा झपाट्याने पसरणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार, होता. आठवड्यात अकरा पिल्लं गेली. रोज सकाळी पिंजरा उघडून ती बाहेर काढणाऱ्या माझ्या सफाई कामगाराचा चेहरा मला अजून दिसतो. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि फिनाईलने मरत नाही. आधी साबणाने घाण पूर्ण धुवायची, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग करून दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं, हे रोज धुणाऱ्या माणसाला समजावून सांगा, नुसता कागद भिंतीवर लावू नका. त्यानंतर आम्ही निरोगी पिल्लं केंद्रात घेणंच बंद केलं. आई असेल तर पिल्लं आईजवळच राहू द्या. आई मेली असेल तर दोन-तीन आठवडे घरी सांभाळणारी कुटुंबं शोधा, आणि पहिली लस टोचल्यावर दत्तक द्या. केंद्र ही पिल्लांसाठी शहरातली सर्वांत धोक्याची जागा आहे.

आता पंचांग. भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, पण पालिकेच्या निविदा ते ठाऊक नसल्यासारख्या निघतात. गाभणकाळ साधारण त्रेसष्ट दिवसांचा. म्हणजे दिवाळीपासून थंडीभर पिल्लं. भाद्रपदात एका मादीमागे सहा-सात नर धावतात, आपसात भांडतात, वाटेतला माणूस चावला जातो. पौष-माघात दुधाची मादी पिल्लांजवळ कुणाला फिरकू देत नाही, तेव्हा पुन्हा चावे वाढतात. तक्रारवहीत ही दोन टोकं दरवर्षी दिसतील. तेव्हा माद्यांचा मोठा भाग होळीपासून आषाढापर्यंत उरकायला हवा. आर्थिक वर्षाच्या गोंधळात मार्च-एप्रिल जातात, मे महिन्यात निविदा उघडते, जूनमध्ये कार्यादेश, आणि काम सुरू होतं ते मादी माजावर आल्यावर किंवा गाभण राहिल्यावर. माजावरच्या मादीला शस्त्रक्रियेत रक्तस्राव जास्त, आणि भर पावसात ओल्या फरशीवर टाके भरत नाहीत. म्हणून कार्यादेश फेब्रुवारीअखेर हातात पडेल अशी निविदा दोन वर्षांची काढा. आमच्याकडे हा एक बदल व्हायला सहा वर्षं लागली, आणि नंतरच्या दिवाळीत पिल्लांच्या तक्रारी पहिल्यांदा कमी झालेल्या दिसल्या.

ठेका संस्थेला द्यायचा असेल तर दर कुत्र्यामागे सरसकट एकच दर ठेवू नका. नराची शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांत होते, मादीला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ आणि जास्त काळजी लागते. दर एक असला की गाडीत नरच येतात. कागदावर आकडा मोठा दिसतो आणि संख्या हलत नाही, कारण दहा नरांतला एक जरी उरला तरी गल्लीतल्या सगळ्या माद्यांना तो पुरेसा असतो. किमान साठ टक्के माद्या ही अट आणि मादीला वेगळा दर, हे करारात घाला. काढलेले अवयव जपून ठेवून समितीसमोर मोजायचे असतात. ती मोजणी स्वतः उभं राहून करा, नर-मादी वेगळे मोजा, आणि नोंदवहीशी ताडून मगच देयकावर सही करा. ज्या महिन्यात मी मोजणीला गेलो नाही, त्याच महिन्यात एका संस्थेच्या आकड्यांत मोठा फरक निघाला होता.

सोडण्याच्या जागेची चूक ही शस्त्रक्रियेतल्या चुकीइतकीच गंभीर आहे. पकडताना गळ्यात क्रमांकाचा पट्टा, जागेसह फोटो, आणि ज्या दुकानासमोर उचललं त्याचं नाव वहीत. एकदा पट्टे बदलले आणि बाजारपेठेतली एक करडी मादी आम्ही स्टेशनजवळ सोडली. तिसऱ्या दिवशी चहाची टपरी चालवणाऱ्या एक मावशी केंद्रावर आल्या. त्या काही बोलल्या नाहीत, तिचं पाणी प्यायचं मातीचं भांडं तेवढं त्यांनी बरोबर आणलं होतं. आम्ही दोन दिवस शोधली, मिळाली नाही. अनोळखी हद्दीत टाकलेलं कुत्रं दुसऱ्या टोळीकडून फाडलं जातं, नाहीतर घाबरून माणसाला चावतं. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत निर्बीजीकरण न झालेलं नवं कुत्रं येऊन बसतं. मुंबईने १९९४ पर्यंत मारून पाहिलं आणि संख्या हटली नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. त्याच्याही आधी, १८३२ साली, कुत्री मारण्याच्या हुकुमावरून मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला होता, आणि दोनच वर्षांनी भुलेश्वरचं पांजरपोळ उभं राहिलं. हा वाद आपल्या शहरांमध्ये आजचा नाही.

नगरसेवकांना संख्या घटण्याबद्दल खोटी आशा देऊ नका. मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे पंच्याण्णव हजार भटकी कुत्री होती आणि दहा वर्षांनी नव्वद हजारांच्या आसपास. एवढ्या मोठ्या यंत्रणेला दशकात एवढं साधलं. मात्र रेबीज थांबवण्यासाठी इतकी वाट पाहावी लागत नाही. इथे मला सर्वांत जास्त जोर द्यायचा आहे: लसीकरण निर्बीजीकरणाला बांधून ठेवू नका. शस्त्रक्रिया दिवसाला सात होतील, लस दिवसाला दीडशे टोचता येते. एकूण कुत्र्यांपैकी सत्तर टक्क्यांना दरवर्षी लस पोचली की रोगाची साखळी तुटते. गोव्याने हे करून दाखवलं. २०१३ पासून तिथे राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी मिळून जाळी घेऊन गल्लोगल्ली पथकं फिरवली, वर्षाला पंच्याण्णव हजारांहून जास्त कुत्र्यांना लस दिली, प्रत्येक नोंद मोबाइलवर जागेसह केली. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधल्या रेबीजच्या नोंदी ९२ टक्क्यांनी घटल्या आणि माणसांचे मृत्यू थांबले. साडेचार हजारांपैकी सव्वातीन हजार कुत्री म्हणजे तुम्हाला दोन पथकांचं दोन-तीन आठवड्यांचं काम. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला भाषणं ठेवण्यापेक्षा ते आठवडे याला द्या.

आणि या कामाला लागणारी माणसं तुमच्याकडे आधीच आहेत. प्रत्येक गल्लीत रात्री पोळ्या, भात घेऊन निघणाऱ्या ताई, एखादे निवृत्त काका, मटणाच्या दुकानातला पोऱ्या. आमचं पकड पथक पहिली दोन वर्षं या लोकांशी भांडत होतं. ते गाडी आली की कुत्री पळवून लावायचे, कारण गेलेलं कुत्रं परत येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि आमच्या चुका बघता तो नसणं रास्तच होतं. मग मी त्यांच्यासाठी रविवारी सकाळी केंद्र उघडं ठेवलं. कुणीही यावं, आपल्या गल्लीतलं कुत्रं पिंजऱ्यात पाहावं, टाके पाहावेत, सोडताना गाडीत बसून यावं. वर्षभरात चित्र पालटलं. त्या ताई हाक मारून कुत्र्याला मांडीवर घेतात आणि लस टोचून होते. जाळी काढावी लागत नाही, कुत्रं गाडीला घाबरत नाही, पुढच्या वर्षीही हाताला लागतं. कोणत्या मादीला कधी पिल्लं झाली हे त्यांच्याइतकं अचूक तुमच्या कोणत्याही सर्वेक्षणात येणार नाही.

त्यांचं आणि सोसायटीवाल्यांचं भांडण मात्र तुमच्या दारात येणारच. २०२३ च्या नियमांत खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्यायला सांगितलंय, आणि न्यायालयानेही प्रभागनिहाय जागा नेमायला सांगितल्या आहेत. जागा कार्यालयात बसून नकाशावर ठरवू नका. संध्याकाळी दोन्ही बाजूंना घेऊन जागेवर जा. जिन्याजवळ, मुलांच्या खेळाजवळ, शाळेच्या वाटेवर नको, आणि कुत्र्यांच्या हद्दीबाहेरही नको, नाहीतर ती तिथे जाणारच नाहीत. वेळ ठरवा, उरलेलं अन्न उचलायची जबाबदारी नावानिशी लिहा. ज्याची तक्रार आहे त्याचं आधी पूर्ण ऐका. रात्रपाळीवरून दुचाकीने परतणाऱ्या माणसामागे रोज चार कुत्री लागत असतील तर त्याची भीती खरी आहे, आणि "प्राण्यांवर दया करा" हे त्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या चार कुत्र्यांत कुणाच्या कानाला खाच (निर्बीजीकरण झाल्याची खूण) नाही हे बघून ती दुसऱ्या दिवशी उचला, आणि उचलल्याचं त्याला फोन करून कळवा.

शाळांमधला कार्यक्रम सोपा ठेवा. आम्ही दोनच गोष्टी शिकवायचो. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखं स्थिर उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं नाही. आणि चावल्यावर, ओरबाडल्यावरसुद्धा, वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे मुलांना नळावर उभं करून दाखवा. तो वेळ किती मोठा असतो हे तेव्हाच कळतं. घराघरांत अजून जखमेवर चुना, हळद, मिरचीची पूड लावतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने माणसं दवाखान्यात जात नाहीत. आता चार किंवा पाच वेळा दंडात लस देतात, शासकीय रुग्णालयात कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस, आणि खोल जखमेत त्याशिवाय इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं औषध) भरावं लागतं. रेबीज झाल्यावर उपाय नाही. मुलं हे घरी जाऊन सांगतात. एका पालकसभेत एका आईने सांगितलं की मुलीने आजीच्या हातातला चुन्याचा डबा काढून घेतला आणि तिला नळावर नेलं. त्या दिवशी मला माझ्या नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

शासकीय रुग्णालयातल्या श्वानदंश नोंदवहीशी रोज संपर्क ठेवा. चावलेल्या जागेचा पत्ता तिथे मिळतो. चावणारं कुत्रं ओळखता आलं तर दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवायचं. ते दहा दिवस जगलं तर चावताना ते रेबीज पसरवत नव्हतं असं समजतो. रुग्णाची लस मात्र त्या निकालाची वाट बघत थांबवायची नाही. संशयित कुत्रं मेलं तर मेंदूचा नमुना पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाठवायची व्यवस्था आधीच लावून ठेवा, कारण ती वेळ येते तेव्हा बर्फाचा डबा शोधत बसायला सवड नसते. लसीचा फ्रिज दोन ते आठ अंशांत राहायला हवा, तेव्हा इन्व्हर्टर अंदाजपत्रकात घाला. हा खर्च सगळेच विसरतात.

मांजरं २०२३ च्या नियमांत आली आहेत, पण पहिल्या वर्षी त्यांना हात घालू नका. त्यांना वेगळी शांत खोली लागते. मोकाट गुरं कोंडवाड्याचा विषय, तो या केंद्रात मिसळू देऊ नका. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या १२ अंकी क्रमांकावरून मालक शोधून दंड लावता येतो, एवढं लक्षात ठेवा.

शेवटी तुमच्या गाडीवरची पोरं. पकडणाऱ्यांपासून पिंजरे धुणाऱ्यांपर्यंत प्रत्येकाला कामावर पाऊल ठेवायच्या आधी रेबीजची आगाऊ लस द्या, शून्य, सात आणि एकवीस किंवा अठ्ठावीस दिवस. कंत्राटी आहेत म्हणून टाळलं जातं, तुम्ही टाळू नका. चिमटे आणि तार नियमाने बंद आहेत. जाळी आणि मऊ फासा वापरायला शिकवा. चांगला पकडणारा कुत्र्याच्या शेपटीवरून ओळखतो की हे चावेल की बसेल, त्याचा सल्ला तुमच्या वहीइतकाच मोलाचा आहे. त्याला ठेकेदार बदलला तरी कामावर ठेवण्याची अट करारात घाला.

तुमच्या केंद्राचा आराखडा अजून मंजुरीला गेला नसेल तर मला पाठवा. गटारांचा उतार आणि विलगीकरणाच्या सहा पिंजऱ्यांची दिशा मी दोन दिवसांत बघून देतो. फरशी बसल्यावर ते बदलता येत नाही.